गच्चीची किल्ली

आमच्या जळगावच्या घरात मधल्या दाराच्या मागे एक खिळा आहे. त्या खिळ्याला सुतळीत ओवलेली एक किल्ली लटकत असायची, गच्चीच्या दाराची. रोहिण्या लागल्या की नाना ती काढायचे. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात घमेलं, खांद्यावर लोखंडी तारेचं वेटोळं. सकाळी सहाला वर जायचे आणि ऊन चढायच्या आत खाली यायचे. घमेल्यात कडुलिंबाचा पाला, पतंगाच्या कामट्या, कबुतराची पिसं, कुणाच्या तरी वाळवणातून उडालेली कुरडई. पाइपाच्या तोंडात तार घालून, वरून बादलीभर पाणी ओतून, ते खाली खळाळून पडतंय की नाही हे अंगणात उभं राहून बघायचं काम माझं. दर दोन वर्षांनी त्यावर पांढऱ्या चुन्याचा हात. आम्हा भावंडांना हे त्यांचं खूळ वाटायचं.

२००६ साली नाना गेले. किल्ली खिळ्यालाच राहिली. मी नोकरीत, दादा पुण्यात, आईचे गुडघे दुखायला लागलेले. तीन वर्षं गच्चीवर चढलं ते फक्त पापड वाळत घालायला, तेही पुढच्या अर्ध्या भागात. मागच्या कोपऱ्यातल्या पाइपाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. २००९ च्या पावसाळ्यात वरच्या खोलीच्या छताला पापडाएवढा डाग आला. गणपतीपर्यंत तो मांड्याएवढा झाला. खापरावरच्या मांड्याएवढा, ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल.

मग माणूस जे करतो ते मी केलं. डाग ज्यानं दिसेनासा होईल त्याला बोलावलं. ठेकेदार म्हणाला, डांबरी शीट टाकू, दहा वर्षं बघायला नको. गॅसच्या भट्टीने तापवून, काळं कुळकुळीत शीट, स्लॅबवर चिकटवून दिलं. "बघायला नको" हे शब्द मला फार आवडले होते. पुढचे तीन पावसाळे थेंब पडला नाही हे कबूल करायला हवं. पण मे महिना आला आणि वरच्या खोलीत रात्री अकरालाही उभं राहवेना. पंखा लावला की गरम हवा डोक्यावर ओतल्यासारखी. जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या घरात गेला तर त्याची बातमी होत नाही, एवढी आम्हाला सवय. पण हे वेगळं होतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खोलीत सोडतो. पांढरी गच्ची त्यातलं बरंचसं ऊन आल्या पावली परत पाठवते. आमच्या गच्चीवर मी पैसे मोजून काळं घोंगडं पांघरलं होतं. घर गळत नव्हतं, पण घरात राहवत नव्हतं.

आई एक दिवस जिन्याच्या पायरीवर बसून म्हणाली, "नानानी चुना मारा व्हता, तू डांबर मारं." अहिराणीत बोलली की ती चिडलेली असते हे आम्हाला ठाऊक आहे. मी गप्प.

आईचं माहेर अमळनेरकडचं. तिथलं तिचं घर धाब्याचं. पश्चिम महाराष्ट्रातले लोक ज्याला माळवद म्हणतात तेच, थोड्याफार फरकाने. जाड मातीच्या भिंती, त्यावर सागाच्या तुळया, तुळयांवर लाकडाच्या फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला, मग मातीचा थर आणि सगळ्यात वर खारी माती. ही खारी माती ओली झाली की तिचे कण फुगून एकमेकांत बसतात, पाणी खाली जाऊ देत नाहीत. शिवाय तिच्यात गवत रुजत नाही, म्हणून मुळांनी भोकं पडत नाहीत. सगळा थर मिळून हातभर जाड. बाहेरचं ऊन त्या हातभर मातीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. दुपारी आत गेलं की डोळ्यांना अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा, हे मला लहानपणचं पक्कं आठवतं.

आता इथे जुन्या घरांचं कौतुक करून दोन अश्रू ढाळायची पद्धत आहे. आईसमोर ते चालत नाही. तिला विचारलं की ती सांगते, दर उन्हाळ्यात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खारी मातीच्या पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढायची ती आणि तिच्या बहिणी. पुरुष गाडी रिकामी करून ओट्यावर बसायचे. पावसाची झड लागली की रात्री उठून, पोतं पांघरून, धाब्यावर जाऊन गळतीची जागा पायाने तुडवून बुजवायची. तुळयांतून विंचू पडायचे ते वेगळेच. १९८६ मध्ये नानांनी जळगावात प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिलाच झाला होता. धाबं थंड होतं ते मातीमुळे, आणि ती माती बायकांच्या डोक्यावरून वर जात होती. हा हिशेब धरल्याशिवाय धाब्याची किंमत मांडू नये असं माझं मत आहे.

पण त्या घरातून एक गोष्ट नानांनी बरोबर आणली होती. दरवर्षी वर चढायची.

२०१९ च्या एप्रिलमध्ये अखेर ते शीट निघालं. तोवर त्याला जागोजागी फुगे आले होते आणि फुग्यांखाली पाणी साचून स्लॅब हिरवट पडला होता. यावेळी मिस्तरी वेगळा, वयस्कर, कमी बोलणारा. त्याने आधी नुसतं एक घमेलंभर पाणी गच्चीच्या मधोमध ओतलं आणि विडी पेटवली. पाणी पाइपाकडे जायच्या ऐवजी जिन्याकडे आलं. "उतारच उलटा आहे साहेब. वर काय बी टाका." वीस वर्षं नाना तार घालून, पाणी ढकलून जे सांभाळत होते ते हे.

मग काम झालं ते असं. जुना गिलावा छिन्नीने उकरला. तडे रुंद करून भरले. त्यावर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून कोबा केला, दहा फुटांना सव्वा इंच उतार ठेवून. कठड्याची भिंत आणि गच्ची जिथे काटकोनात भेटतात तिथे गोलाई काढली. तिला ते 'वाटा' म्हणतात. पाणी मुरतं ते नेमकं त्या कोपऱ्यात, आणि घाईतला माणूस नेमका तोच कोपरा सोडतो. नंतर गच्चीच्या दाराशी मातीची बांधणी घालून तीन दिवस पाणी भरून ठेवलं. जळगावला पाणी वाघूर धरणाचं, नळ येईल त्या दिवशीच. तेव्हा गच्चीवर तळं केलेलं पाहून शेजारी हळहळत होते. तिसऱ्या दिवशी मी वरच्या खोलीत खुर्चीवर उभा राहून छताला तळहात लावून पाहिला. कोरडं. सगळ्यात वर चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. दुकानातून उरलेला माल पोत्याने आणायचा, हातोडीने बारीक करायचा आणि दोन बायका दिवसभर उकिडव्या बसून एकेक तुकडा बसवणार. एकीने मला विचारलं, निळे तुकडे टाकून फूल काढू का? मी नको म्हणालो. पांढऱ्याचा एक तुकडाही वाया घालवायचा नाही असं माझ्या डोक्यात बसलं होतं. आता वाटतं, एक फूल चाललं असतं.

मे मध्ये एका इंजिनिअर मित्राने लांबून तापमान मोजायची बंदूक आणली. दुपारी तीनला शेजारच्या उघड्या राखाडी स्लॅबवर नेम धरला: एकसष्ट. आमच्या पांढऱ्यावर: सेहेचाळीस. एका मोजणीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण आईने स्वतःची चाचणी घेतली. ती चप्पल काढून वर उभी राहिली आणि दहापर्यंत मोजलं.

खोली थंडगार झाली का? नाही. आमच्याकडे मे महिन्यात काहीच थंडगार होत नाही. पण रात्री दहानंतर पंख्याची हवा हवेसारखी लागायला लागली, आणि कूलर पहाटेपर्यंत चालायचा तो दोनला बंद व्हायला लागला.

कूलरवरून आठवलं. खानदेशात उन्हाळ्याचं खरं दैवत कूलर. हवा कोरडी असल्यामुळे तो इथे जेवढं काम करतो तेवढं मुंबईत करणार नाही, आणि खातो किती? साधारण दोनशे वॉट. दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास खातो. फक्त कूलरसमोरची दुसरी खिडकी उघडी हवी, आत आलेली ओली हवा बाहेर जायला. लोक एसीसारखं सगळं बंद करून बसतात आणि मग अंग चिकटतंय म्हणून तक्रार करतात. मृगाचा पाऊस पडला की कूलरचं काम संपलं, मग तो नुसता ओलावा फेकतो.

पण याच कूलरने आमचा छज्जा खाल्ला. पश्चिमेच्या खिडकीच्या छज्ज्यावर लोखंडी कूलर वीस-बावीस वर्षं ठेवलेला. त्याच्या तळातून क्षारांचं पाणी ठिबकत राहायचं, कुणाचं लक्ष नाही. छज्ज्यातल्या सळया गंजल्या. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या जागेत मावत नाही, आणि बाहेरचं काँक्रीट फोडून टाकतं. एक दिवस परातीएवढा तुकडा अंगणात पडला. नशीब, दुपारची वेळ होती आणि तिथे खेळणारी पोरं झोपली होती. आता कूलर जमिनीवरून उभ्या केलेल्या घोडीवर आहे आणि त्याच्या पाण्याला नळी आहे. जळगावात, धुळ्यात कुठल्याही गल्लीत वर बघत चाला. छज्ज्याखाली तांबूस ओघळ आणि उघड्या सळया दिसल्या की वर कूलर असतोच. वीज वाचवणारी वस्तू घर कशी खाते याचं एवढं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

दुसरा गुन्हेगार तर आम्ही हौसेने लावला होता. केळी. न्हाणीचं पाणी केळीला सोडायचं ही आमच्याकडची घरोघरची रीत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याचा शेजार असल्यावर दाराशी केळ नाही म्हणजे काय! आमची केळ ईशान्य कोपऱ्याला, भिंतीला खेटून. आमचा प्लॉट म्हणजे पूर्वीचं कापसाचं शेत, खाली काळी माती. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते; वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. सगळं घर एकसारखं वरखाली झालं तर निभावतं. पण आमच्या घराचा एक कोपरा बारमाही ओला आणि बाकीचे तीन भाजलेले. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. मे महिन्यात उघडायची, श्रावणात मिटायची. नानांनी एका इंजिनिअरच्या सांगण्यावरून तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती, वर पेनाने तारीख टाकून. काच तडकली म्हणजे भिंत अजून हलते आहे. पहिल्याच उन्हाळ्यात तडकली. नानांनी दुसरी लावली. अशा चार पट्ट्या झाल्या, पण केळीचा संशय कुणालाच आला नाही, कारण घड मोठे लागत होते.

काळ्या मातीसाठी पायाचे वेगळे उपाय आहेत. रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले पायाचे खांब, खास अशाच मातीसाठी आणले, आणि तेही १९८६ च्या कितीतरी आधी. ते ज्ञान आमच्या गल्लीपर्यंत आलं नव्हतं. झालेल्या घराला करता येतं ते एवढंच, की पायाजवळ पाणी येऊ द्यायचं नाही. आम्ही केळ काढून कुंपणाशी नेली, न्हाणीचं पाणी पाइपाने तिच्यापर्यंत पोचवलं आणि घराभोवती तीन फूट रुंद फरशी घातली, बाहेरच्या बाजूला उतार ठेवून. दोन वर्षांनी भेग भरली. अजून उघडलेली नाही. सगळा खर्च वाण्याच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढा असेल. त्याच सुमारास आमच्याच एका नातेवाइकांनी हॉलला पीओपीचं छत करून घेतलं, चार रंगांच्या दिव्यांसकट, आणि त्याच्या आड गळतीचा डाग झाकला. तो डाग आत वाढतोच आहे, फक्त आता त्यांना दिसत नाही.

२०२४ मध्ये सोलर. फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या बघत आम्ही मोठे झालो. वीज आमच्या उशाशी तयार व्हायची आणि लोडशेडिंगमध्ये अभ्यास आम्ही कंदिलावर करायचो. पुढे धुळे जिल्ह्यात साक्रीला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प झाला तेव्हा, २०१३ मध्ये, आपल्या उन्हाला काही भाव आहे हे पहिल्यांदा वाटलं. तर गच्चीवर पॅनेल घ्यायचं ठरलं. बसवणारी पोरं आली, ड्रिल मशीन काढलं आणि मोझॅकवर खडूने खुणा करायला लागली. मी अक्षरशः आडवा झालो. बोल्ट मारायला माझ्या कोब्यात सोळा भोकं! त्यांचं म्हणणं, नंतर केमिकल भरून देतो. माझं म्हणणं, भोकच नको. दोन तास हुज्जत झाली. शेवटी काँक्रीटचे जड ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा केला, वाऱ्याचा हिशेब करून. थोडे पैसे जास्त गेले. पॅनेल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने बसवतात; एकदा बसलं की त्याखालचा स्लॅब दुरुस्त करणं म्हणजे सगळा संसार उतरवणं. म्हणून आधी गच्ची, मग सोलर. हा क्रम उलटा केलेली तीन घरं मला आमच्याच कॉलनीत माहीत आहेत.

एक गंमत मात्र कुणी आधी सांगितली नव्हती. मला वाटलं मे महिन्यात मीटर धावेल. आमच्या वहीत मार्च मेच्या पुढे आहे. पॅनेलची ताकद मोजतात ती पंचवीस अंशांना, आणि त्यापुढे दर अंशाला ती थोडी थोडी घटते, साधारण एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याने. आमच्याकडे मेच्या दुपारी पॅनेल पासष्टला सहज जातं. उजेड हवा, ऊब नको, असं त्याचं म्हणणं. खानदेशात या दोन गोष्टी वेगळ्या कुठून काढणार? शिवाय धूळ. महिन्यातून दोनदा पहाटे पाण्याचा फवारा मारावा लागतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. त्या निमित्ताने किल्ली पुन्हा वापरात आली. बिल शून्य होतं असं लोक सांगतात तेही पुरतं खरं नाही, स्थिर आकार राहतोच. पण राहतो तेवढाच. पंखे बदलले ते त्याआधीच, पंचाहत्तर वॉटचे काढून तीस वॉटच्या आसपासचे. त्यात सांगण्यासारखं काही नाही, ते सगळ्यांनीच करावं.

गेल्या वर्षी दादाने विषय काढला. घर विकायचं का? आईनंतर तू एकटा कशाला एवढं सांभाळतोस? राग नव्हता त्यात, हिशेब होता. किंमत तरी काढू म्हणून मूल्यांकन करणारा बोलावला. मी मुद्दाम मे मधली दुपारची तीनची वेळ दिली. विकणारे घर दाखवतात दिवाळीनंतर, गुलाबी थंडीत, रंग देऊन. घेणाऱ्याने जायचं असेल तर एकदा मे मधल्या दुपारी आणि एकदा भर श्रावणात जावं, बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

तो माणूस तरुण होता, घामाघूम, पण नेटका. त्याने हिशेब समजावला. जागेचा भाव वेगळा, बांधकामाचा वेगळा. जागेचा भाव वाढत जातो; बांधकामाचा मात्र वयाप्रमाणे दरवर्षी कापला जातो, जणू पगारातून पीएफ. तुम्ही जे काही केलं त्याने घर नवं होत नाही, कापणी तेवढी हळू होते, असं तो म्हणाला. सोलरची त्याने एका ओळीत नोंद केली आणि फारशी किंमत धरली नाही. मोझॅकला तर रकानाच नव्हता. बाहेरचा जिना मंजूर नकाशात नाही यावर मात्र त्याने दोन वेळा बोट ठेवलं. तो जिना नानांनी घाईत, कुणाला न विचारता बांधला होता. नानांची चूक सापडल्याचं मला उगाच बरं वाटलं. मग त्याने वर जायचं म्हटलं. मी खिळ्यावरची किल्ली काढली. गच्चीवर त्याने खिशातून नाणं काढून मोझॅकवर ठिकठिकाणी वाजवून पाहिलं, पोकळ कुठे बोलतंय का ते ऐकत. कोपऱ्यात वाकून वाट्यावरून बोट फिरवलं. "हे कोणी केलं?" एवढंच विचारलं आणि मिस्तरीचा नंबर घेतला. त्याच्या स्वतःच्या घराला लागणार होता.

आकडा दादाला कळवला. त्याच्या अपेक्षेपेक्षा थोडा जास्त, माझ्यापेक्षा थोडा कमी. विषय तिथेच राहिला आहे. आई म्हणते, "मी शे तोपावत नको." त्यावर दोघांचंही काही चालत नाही.

यंदाही रोहिण्या लागल्यावर पहाटे वर गेलो. मागच्या कोपऱ्यातला पाइप तुंबला होता. तार घातली, काहीतरी मऊ लागलं, ओढता येईना. पालथा पडून हात कोपरापर्यंत आत घातला. आधी पाल्याचा लगदा, मग मांजाचा गुंता, आणि त्याच्या मागे एक टेनिसचा चेंडू, भिजून वाळून राखाडी झालेला. कठड्याशी येऊन खाली पाहिलं तर समोरचा पोरगा सायकलवर बसून वर बघत होता.

"तुझा का रे?"

"नाही काका. माझा लाल होता."

म्हणजे अजून एक कुठेतरी आहे. मी तार पुन्हा उचलली आणि पुढच्या पाइपाकडे गेलो.